विडी वळणाऱ्या बायकांचा बसण्याचा वेळ मोजायचा कसा?

प्रश्न : सोलापूरची फिजिओ

नमस्कार. मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत विडी कामगार बायका बऱ्याच. कंबर, मान, गुडघे, हीच दुखणी. एमपीटीच्या (फिजिओथेरपीतल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी त्या दिवसाकाठी किती वेळ बसून असतात हे मोजायचंय, आणि सुरुवातीलाच गाडं अडलंय.

शारीरिक हालचाल मोजायची जागतिक आरोग्य संघटनेची जीपॅक प्रश्नावली घेतली. तिच्या शेवटी एकच प्रश्न आहे : झोप सोडून एरवीच्या दिवशी किती वेळ बसून किंवा रेलून असता? एका अक्कांना विचारलं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, बोटं चालूच. म्हणाल्या, "बसायला कुठं मिळतंय बाई? जेवताना काय ते." मी समोर होते तेवढा वेळ त्या जागच्या हलल्या नव्हत्या. वळणं हे काम, ते त्या बसण्यात धरतच नाहीत. बहुतेकींचं उत्तर असंच येतं.

मग काय करू? हाताला फिटनेस घड्याळ बांधू? की हजार विड्यांना लागणारा वेळ धरून हिशेब मांडू? मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे विड्यांचा आकडा प्रत्येकीला तोंडपाठ असतो.

हे आकडे नीट यावेत असं मला मनापासून वाटतं. घरात बसून तर करतात, असं म्हणून या दुखण्याला कामाचं दुखणं कुणी मानत नाही.

उत्तर : साथरोगशास्त्रवाला, पुणे

ताई, घड्याळ अजिबात नको. विडी वळताना मनगट सतत हलतं, घड्याळ त्यालाच हालचाल समजेल आणि दिवसभर बसलेली बाई चळवळी दिसेल. कमरेला बांधायचं अॅक्टिग्राफ हे यंत्र असतं, ते हालचाल 'काउंट'मध्ये मोजतं, त्यात मिनिटाला 100 काउंटच्या खाली गेलं की बैठं धरायची पद्धत आहे. पण ओट्यापाशी शांत उभी राहून भाजी परतणारी बाईसुद्धा त्यात बैठीच ठरते.

तुम्हाला मांडीवर चिकटवायचं यंत्र हवं. अॅक्टिव्हपाल हे त्यातलं सर्वांत वापरातलं. ते मांडीचा कल बघतं : मांडी आडवी तर बसलेली किंवा झोपलेली, उभी तर उभी. बसणं आणि झोपणं त्याला सहज वेगळं करता येत नाही, म्हणून झोपायची-उठायची वेळ वेगळी लिहून घ्या. आठवडाभर ठेवतात, पाणी जाऊ नये म्हणून गुंडाळून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामानं कातडी खाजेल, शक्यतो थंडीत करा.

तुमच्या अक्कांसारखं सगळीकडेच होतं. यंत्राशी ताडून पाहिलं की लोक बसण्याचा वेळ सहसा कमीच सांगतात, आणि एकाच प्रश्नात उरकलं तर फारच कमी.

आणखी एक. 2017 ची सर्वमान्य व्याख्या जागेपणी बसून, रेलून किंवा आडवं असताना 1.5 मेटपर्यंत (1 मेट म्हणजे स्वस्थ बसल्यावर लागते तेवढी) ऊर्जा खर्च होणाऱ्या वागण्याला बैठं म्हणते. मांडीवरचं यंत्र ऊर्जा मोजत नाही. तेव्हा शीर्षकात 'बैठी जीवनशैली' घालू नका, 'बसण्याचा वेळ' एवढंच लिहा. दिवसभर राबणाऱ्या बाईला बैठी म्हणणं तसंही मला पटत नाही.

उत्तर : कुंभारी, गोदूताई वसाहत

माझी आई विड्या वळते. मॅडम, तास विचारू नका, तिला सांगता येणार नाहीत. पण कितवी जुडी बांधून उठली हे ती बरोबर सांगेल. भिजवलेली पानं पत्रा ठेवून कात्रीनं कापायची, मग वळायचं, मग पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधायच्या. मध्ये उठते ती नळाला पाणी आलं की, नाहीतर कुकरची शिट्टी झाली की. एक पाय दुमडून दुसरा लांब करून बसते आणि उठताना आधी भिंतीला हात लावते.

सोलापूरची फिजिओ

जुड्यांवरून विचारायचं, हे फार कामाचं सांगितलंत! आता असं ठरवतेय : काल सकाळपासून काय काय केलं ते क्रमानं विचारायचं आणि जुड्यांवरून वेळ बसवायची. सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात पहाटे 4 ते दुसऱ्या पहाटे 4 असा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासानं मांडतात. तिथं काय केलं ते विचारतात, बसून की उभ्यानं ते नाही. तो रकाना मी वाढवीन. जमतील तितक्या जणींना मांडीवरचं यंत्रही लावीन.

सर, जमिनीवर बसणं आणि खुर्चीत बसणं सारखंच धरायचं का?

साथरोगशास्त्रवाला, पुणे

यंत्राला फरक कळत नाही, तुम्हीच नोंदवा. टांझानियातल्या हाड्झा लोकांच्या मांडीला अशीच यंत्रं लावली होती, 2020 मध्ये ते प्रसिद्ध झालं. शिकार आणि कंदमुळांवर जगणारी माणसं, तरी दिवसाचे सुमारे 10 तास विसावलेली! पण त्यातला बराच वेळ उकिडवं किंवा गुडघ्यांवर, आणि उकिडवं बसताना पायांचे स्नायू खुर्चीपेक्षा जास्त काम करतात. तो निष्कर्ष तुमच्या बायकांना लावू नका. पाय लांब करून बुडावर बसणं वेगळं.

एकूण तासांइतकंच सलग बसणं महत्त्वाचं. न उठता अर्ध्या तासाच्या वर गेलेल्या बैठका वेगळ्या काढा, कंबरदुखीशी त्याच ताडून बघा. अमुक तासांच्या वर धोका, अशी रेघ मात्र मारू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांतही बसणं कमी करा एवढंच आहे, तासांचा आकडा नाही.

कुंभारी, गोदूताई वसाहत

मॅडम, यंत्र मांडीवर पुढच्या बाजूला लावणार ना? सूप तिथंच टेकतं. आईचं उजव्या मांडीवर असतं, तिला डाव्या मांडीला लावावं लागेल. प्रत्येकीला आधी वळायला बसवून बघा आणि मगच चिकटवा. लावायला बाईच असू द्या. माल द्यायला कारखान्यात जायच्या आधी या, नंतर घरात कुणी सापडत नाही.