जुन्या एक्सटीची हार्ड डिस्क: कंट्रोलर कार्ड ठेवायचं की भंगारात घालायचं?

कृष्णाकाठ (सांगली)
मिरज_जंक्शन यांनी परवा सल्ला दिला: "एक्सटीतली एमएफएम डिस्क आणि तिचं कार्ड भंगारात घाला, एक्सटी-आयडीई कार्डावर कॉम्पॅक्ट फ्लॅश लावा आणि मोकळे व्हा." (नवख्यांसाठी: एक्सटी म्हणजे ऐंशीच्या दशकातला आयबीएम पीसी-एक्सटी आणि त्याच्या नकला, एमएफएम ही तेव्हाच्या हार्ड डिस्कवर लिहायची पद्धत, एक्सटी-आयडीई म्हणजे त्यात नंतरच्या आयडीई डिस्का जोडायचं कार्ड, कॉम्पॅक्ट फ्लॅश म्हणजे कॅमेऱ्यात असायचं तसलं मेमरी कार्ड.) त्या सल्ल्याला इतके लाइक बघून गप्प बसवेना.

अहो, सीगेटच्या एसटी-२२५ सारख्या एमएफएम डिस्कला स्वतःची अक्कल नसते. ६१५ सिलिंडर (एकाखाली एक ट्रॅकचे गट), ४ हेड (वाचणारी-लिहिणारी टोकं), ट्रॅकला १७ सेक्टर (५१२ बाइटचे तुकडे), झाले २० एमबी. पण सेक्टर कुठं सुरू होतो, त्याचा हेडर कसा, चूक कशी पकडायची, हे सगळं कार्ड ठरवतं. २० तारांच्या पट्टीतून येतात ते नुसते कच्चे पल्स. म्हणून एका कंपनीच्या कार्डावर लो-लेव्हल फॉरमॅट केलेली, म्हणजे सेक्टर आखून घेतलेली डिस्क दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला बहुतेक वेळा वाचता येत नाही. कार्ड गेलं की धडधाकट डिस्क मुकी झाली. नंतरच्या आयडीई डिस्कांत कंट्रोलर डिस्कवरच बसलेला असतो. त्या सवयीनं एमएफएमबद्दल सल्ले देऊ नका.

मिरज_जंक्शन
एवढं तापायचं काय कारण? मला मशीन रोज चालवायचंय, कपाटात मांडून ठेवायचं नाही. कॉम्पॅक्ट फ्लॅश मुळातच आयडीई बोलतं, मशीनला ते ओळखायला लावणारा युनिव्हर्सल बायोस हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. तुमच्या एसटी-२२५ चे हेड आपोआप पार्क होत नाहीत (सुरक्षित जागी जात नाहीत), बंद करण्याआधी पार्कची कमांड द्यावी लागते. आमच्याकडं लाईट सांगून जात नाही. आणि त्या डिस्कवर असतं तरी काय? कुणाच्या तरी लग्नपत्रिका!

विश्रामबाग_डीटीपी
लग्नपत्रिका म्हणून हिणवू नका. त्याच पत्रिकांवर आमच्या वडिलांनी घर चालवलं. आमच्या एक्सटीत सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं. डॉसमध्ये मराठी दिसायची ती त्याच्यामुळं. पत्रिका होत्या, तशाच पतसंस्थेच्या सभासदांच्या याद्या होत्या, गणेश मंडळांचे अहवाल होते. हे सगळं इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या कोडमध्ये आहे, आणि युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच मांडणीवर बेतलेली आहे. म्हणजे डिस्क वाचली, तर तो मजकूर आजही जवळजवळ जसाच्या तसा बदलता येतो.

खरी वाट लागली ती नंतर विंडोजच्या फॉन्टांत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली, अर्धा ष एका कोडावर, काना दुसऱ्यावर, आणि प्रत्येक फॉन्टवाल्याची तऱ्हा वेगळी. ती फाईल आता उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो.

मिरज_जंक्शन
मग दोष फॉन्टवाल्यांना द्या, मला कशाला?

विश्रामबाग_डीटीपी
त्यांनाही देतेच आहे. आम्ही पैसे मोजून फॉन्ट घेतला, तो चालायला कॉम्प्युटरला खोचायची किल्ली, ते डाँगल घेतलं. डाँगल मेल्यावर आमचाच मजकूर आम्हाला परका झाला. दाद मागायची तर दुकानदार म्हणाला, नवीन घ्या. डिस्क टाकायला सांगणारे आणि फॉन्ट टाकायला सांगणारे मला एकाच माळेचे मणी वाटतात.

अजिंक्यतारा (सातारा)
घरगुती कॉम्प्युटर म्हणजे पीसीच, हे कुणी ठरवलं? १९८४ च्या क्लास या कॉम्प्युटर-शिक्षणाच्या योजनेत आपल्या देशातल्या शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर आले. त्याला पोटाखालच्या एक मेगाहर्ट्‌झ बस नावाच्या जोडणीवरून विंचेस्टर, म्हणजे हार्ड डिस्क जोडता यायची, एडीएफएस या फाइल-व्यवस्थेमुळं फोल्डरही मिळायचे. आमच्या शाळेतला संच धूळ खात पडला आणि शेवटी किलोवर गेला. त्यावर मात्र कुणी धागा काढत नाही.

विश्रामबाग_डीटीपी
काढा की तुम्ही. इथं फॉन्टचं चाललंय.

कृष्णाकाठ (सांगली)
इथं फॉन्टचं नाही, कंट्रोलरचं चाललंय!

गावभाग_४१६
२०१९ च्या पुरात आमच्या दुकानात पाणी शिरलं. कार्ड, डिस्क, मॉनिटर, सगळं चिखलात. डिस्कच्या वरच्या कव्हरवर खराब ट्रॅकची यादी चिकटवलेली असते ना, सिलिंडर आणि हेडचे आकडे? तो कागद सुद्धा लगदा होऊन बोटाला आला. कृष्णाकाठ, तुम्ही कार्ड-डिस्कची जोडी जपा म्हणता, पण नुसतं जपून आमचं काय उरलं? आधी नक्कल काढा. मग भांडा.

मिरज_जंक्शन
हेच म्हणतोय मी. आणि नकलेला तुमचं कार्ड लागतच नाही. बीगलबोन या छोट्या कॉम्प्युटर बोर्डावर चालणारा एमएफएम रीडर आहे. तो डिस्कवरचे कच्चे पल्स उचलतो आणि बऱ्याच कंपन्यांचे फॉरमॅट स्वतः उलगडतो. आता बोला.

कृष्णाकाठ (सांगली)
बरं, नकलेपुरतं मान्य. वाचायला कार्ड लागत नाही, एवढं तुमचं खरं. पण तोच बोर्ड पुढं डिस्कची जागा घेतो, तेव्हा ३४ आणि २० तारांच्या पट्ट्या कुठं खोचता? जुन्या कंट्रोलरलाच ना? म्हणजे मूळ मशीन मूळ डेटावर चालवायचं, तर कार्ड हवंच. गावभागचं मात्र पटलं, आधी नक्कल.

मिरज_जंक्शन
चालवायचं असेल तर कार्ड लागेल, ठीक. पण रोजच्या वापराला मी कॉम्पॅक्ट फ्लॅशच लावणार. त्यात बदल नाही.

कृष्णाकाठ (सांगली)
लावा ना, कोण अडवतंय? तुमचा रीडर येईल तेव्हा विश्रामबागच्या ताईंची डिस्क पहिली घेऊ. तेवढं तुमच्या पोस्टमधलं "भंगारात घाला" आजच काढा. लोक वाचून खरंच घालतात.