मदत हवी आहे: मोटार रिवाइंडिंगचं दुकान, जीएसटीची लिमिट ४० लाख का २० लाख?

नमस्कार मंडळी, घरात दोन आठवडे नुसता वाद चाललाय म्हणून शेवटी इथे विचारतोय.

बाबांचं कागलजवळ मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतीपंपाच्या मोटारी, सबमर्सिबल, घरातल्या अर्ध्या एचपीच्या पण. जळकी मोटार खोलायची, जुनी कॉइल काढून नवीन भरायची, वार्निश मारून वाळवून टेस्ट करून द्यायची. जोडीला काउंटरवर बेरिंग, कपॅसिटर, केबल असलं सुटं पण विकतो. जीएसटी नंबर काढलेला नाही, कारण २०१९ पासून जो तो सांगतोय की ४० लाखांपर्यंत काही लागत नाही, आणि आम्ही ४० च्या आसपास पण फिरकत नाही.

यंदा पहिल्यांदाच मी बाबांची वही आणि यूपीआयचं स्टेटमेंट समोर ठेवून बेरीज मारली. एप्रिलपासून आतापर्यंत १९ लाख ६० हजार, त्यातले ११ लाख सुट्या मालाचे, बाकी रिवाइंडिंगचे. खरा सीझन तर पुढेच आहे, ऊन वाढलं की व्होल्टेज पडतं आणि मोटारी धडाधड जळतात (लोकांचं नुकसान तो आमचा सीझन, काय करणार), म्हणजे मार्चअखेर २७ लाखांपर्यंत जाणार.

आता ज्यांच्याकडून वायर घेतो ते म्हणाले तुमचं काम सर्विसमध्ये मोडतं, लिमिट २० लाख. बाबा म्हणतात आम्ही किलोकिलोनं तांबं भरून देतो, ते माल नव्हे तर काय हवा आहे काय?

दुसरं म्हणजे त्याच खात्यात भावाने घराच्या स्लॅबसाठी साडेतीन लाख पाठवलेत, ते मी बेरजेत धरले नाहीत, बरोबर ना? २०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या तेव्हापासून बाबा क्यूआर कोड काढून टाक म्हणून मागे लागलेत, आमची बरीच गिऱ्हाइकं निपाणीकडची, तिकडच्या बातम्या इकडे लगेच पोचतात. तिकडं फोनवर ऑर्डर घेऊन पार्ट पार्सलनं पण पाठवतो. आणि ते कंपोझिशनचं १ टक्केवालं (छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्के भरायचे ती स्कीम) आम्हाला चालेल का? कुणाला माहीत असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद १
मी एका करसल्लागाराकडे रिटर्न भरायचं काम करतो. ४० लाखांची सवलत निव्वळ माल विकणाऱ्याला आहे. सर्विस आली की २० लाख. रिवाइंडिंगमध्ये तांबं कितीही जाऊदे, गिऱ्हाईक मोटार दुरुस्त करायला येतं, वायर विकत घ्यायला नाही, त्यामुळे ती सर्विसच. आणि इथेच बहुतेक लोक गंडतात: माल ४० च्या आत, सर्विस २० च्या आत, म्हणजे सुटलो, असं नसतं. एका पॅनवरची सगळी बेरीज २० च्या आत पाहिजे.

२० ओलांडले की त्या दिवसापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. वेळेत केलात तर शिल्लक स्टॉकवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (पुढच्या टॅक्समधून वजावट) मिळतं, पण पक्की बिलं पाहिजेत आणि ती वर्षाच्या आतली. अर्जाला सरकारी फी शून्य आहे, बाहेर कोण हजारो रुपये सांगेल ती त्याची मजुरी.

भावाचे पैसे उलाढाल नाही. पण घरचं आणि धंद्याचं खातं वेगळं करा, नाहीतर नोटीस आली की एकेक एंट्री समजावत बसाल. क्यूआर काढून उपयोग शून्य, रोखीची विक्री पण उलाढालीत धरायची असते.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. पार्सल मात्र आजपासून बंद करा दादा. गिऱ्हाईक स्वतः येऊन काउंटरवरून घेऊन जातं ते वेगळं, पण तुम्ही माल निपाणीला पाठवलात की ती दुसऱ्या राज्यातली विक्री, त्याला २० नाही आणि ४० पण नाही, पहिल्या रुपयापासून नंबर लागतो. कंपोझिशन घेतलंत तर नंबर असून पण पाठवता येणार नाही.

१ टक्केवालं विसरा. त्यात सर्विस मागच्या वर्षीच्या उलाढालीच्या १० टक्के किंवा ५ लाख, यातलं जे जास्त असेल तेवढीच चालते, तुमची वर्षाला १२ लाख होणार. ५० लाखांच्या आतल्या सर्विसवाल्यांना ६ टक्के आहे पण ते पार्टच्या विक्रीवर पण लागतं. पूर्ण वर्ष २७ लाख धरले तर १ लाख ६२ हजार, गिऱ्हाइकाकडून वेगळे मागता येत नाहीत आणि खरेदीचं क्रेडिट पण नाही. रेग्युलरमध्ये रिवाइंडिंगच्या बिलावर १८ टक्के लावायचे आणि वायरवर भरलेला वजा करायचा. पण शेतकऱ्याला क्रेडिटचा काय उपयोग, त्याला १८ टक्के सरळ खिशातून जाणार, आणि शेजारचा बिननंबरचा रिवाइंडर हसत बसणार. माझं मत विचाराल तर खरेदी सगळी पक्क्या बिलाची असेल आणि निपाणी सोडायचं नसेल तर रेग्युलर. रिटर्न तिमाही ठेवता येतात, तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा टॅक्स मात्र त्या त्या पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरायचा. धंदा शून्य असला तरी शून्याचं रिटर्न चुकवू नका, त्याला पण दिवसाला २० रुपये लेट फी आहे, एरवी ५०.

धागाकर्ता
खूप आभार दोघांचे. बाबांना वाचून दाखवलं, तांब्याचा मुद्दा सोडला एकदाचा. पक्की बिलं अर्ध्याच मालाची आहेत, उद्यापासून सगळं बिलावर घेणार. म्हणजे अजून ४० हजार हातात आहेत, तोवर अर्जाची तयारी करतो.

प्रतिसाद १
एक राहिलं. जळक्या मोटारींमधून निघालेलं जुनं तांबं भंगारात देत असाल ना? ते १९.६० मध्ये धरलंय का? ती पण विक्रीच.

धागाकर्ता
नाही धरलं 😐 ते पैसे बाबा रोख घेतात आणि आईकडे देतात, वहीत येतच नाहीत. आत्ता विचारलं, दिवाळीनंतर दोनदा मिळून ६५ हजारांचं गेलंय. भंगारवाल्याच्या चिठ्ठ्या डब्यात आहेत, तारखा बघून ३० दिवस कधीपासून धरायचे ते काढतो.