आयसीयूतला न्यूमोनिया: रक्ताच्या रिपोर्टवरून 'पेशंट वाचेल का' हे सांगावं का?

रातपाळी

मी जिल्ह्याच्या गावी आयसीयूत काम करतो. कोविडच्या लाटांमध्ये डी-डायमर, फेरिटिन, आयएल-६ ही रक्ततपासण्यांची नावं घराघरांत पोचली आणि ती तिथेच राहिली. आता न्यूमोनियाचा पेशंट व्हेंटिलेटरवर गेला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "पीसीटी किती आला?" रिपोर्टचा फोटो मुंबई-पुण्यातल्या ओळखीच्या डॉक्टरला जातो, तिकडून "पन्नास म्हणजे फारच आहे, आशा कमी" असं उत्तर येतं आणि संध्याकाळपर्यंत पेशंटला घरी न्यायची बोलणी सुरू होतात. पेशंटला कुणी पाहिलेलंसुद्धा नसतं.

माझं म्हणणं असं की या रिपोर्टवरून उपचार ठरवा, माणसाचा निकाल लावू नका.

पीसीटी म्हणजे प्रोकॅल्सिटोनिन. निरोगी माणसाच्या थायरॉइडमध्ये ते बनतं, पण रक्तात जेमतेम सापडतं. जिवाणूंचा मोठा संसर्ग झाला की इतर अवयवही ते सोडू लागतात आणि काही तासांत पातळी चढते. संसर्ग आटोक्यात आला की ते साधारण दर २४ तासांनी निम्मं होत जातं. म्हणून अँटिबायोटिक कधी थांबवायचं हे ठरवायला ते कामाचं आहे. नेदरलँड्समधल्या सॅप्स चाचणीत (२०१६) आयसीयूतले दीड हजारावर पेशंट होते. पीसीटी सर्वांत वरच्या पातळीपासून ८० टक्के उतरलं किंवा ०.५ वर आलं की अँटिबायोटिक थांबवा, असा सल्ला डॉक्टरांना दिला जाई. औषधाचे दिवस सातावरून पाचावर आले. मृत्यू वाढले तर नाहीतच, २८ दिवसांत ते २५ टक्क्यांऐवजी २० टक्के झाले.

तीच तपासणी उलट्या बाजूने वापरली तेव्हा काय झालं तेही पाहा. डेन्मार्कमध्ये १२०० पेशंटवर पास नावाची चाचणी झाली, २०११ साली ती छापून आली. पीसीटी चढला की आणखी तपासण्या करायच्या आणि आणखी भारी अँटिबायोटिक द्यायची, असा तिथला नियम होता. मृत्यू कमी झाले म्हणावं असा फरक पडला नाही. पेशंट आयसीयूत मात्र जास्त दिवस राहिले आणि किडनीला त्रास झाला.

आता थोडं गणित. समजा १०० पेशंटपैकी २० दगावणार आहेत. दगावणाऱ्यांतले ८० टक्के आणि वाचणाऱ्यांतले ८० टक्के बरोबर ओळखते अशी तपासणी आपल्या हाती आहे. इतकी चांगली कामगिरी एकट्या रक्त-तपासणीकडून सहसा होत नाही, तरी धरून चालू. ती दगावणाऱ्यांतले १६ ओळखेल. वाचणाऱ्या ८० जणांतल्याही १६ जणांवर चुकून शिक्का मारेल. म्हणजे "आशा कमी" असं ज्या ३२ घरांना सांगितलं, त्यांतल्या १६ घरांतला माणूस जगणार होता.

पहाटवारा

रातपाळी, तुमचं गणित बरोबर आहे, पण निष्कर्ष पटला नाही. मीही याच शाखेत आहे, मोठ्या शहरात. तुम्ही एका तपासणीच्या एका आकड्यावर हल्ला चढवताय. तसं शहाणा डॉक्टर करतच नाही. मी लॅक्टेट (अवयवांना रक्त-ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) पाहतो, सहा तासांनी पुन्हा पाहतो. सलाइन आणि अँटिबायोटिक देऊनही ते ४ च्या खाली येत नाही, प्लेटलेट रोज उतरताहेत, किडनीचं क्रिएटिनिन आणि लिव्हरचं बिलिरुबिन चढतंय, असं तीन दिवस चाललं तर पेशंट कुठे निघालाय हे मला कळतं. अवयव किती बिघडलेत ते मोजणारा सोफा स्कोअर १९९६ पासून, लॅक्टेट सोडलं तर, याच गोष्टी मोजतो.

आणि हे कळूनही मी नातेवाइकांना सांगायचं नाही? बाहेर बसलेला मुलगा शेत गहाण टाकून पैसे आणतोय. त्याला अंदाज न देणं म्हणजे त्याच्या वतीने आपणच निर्णय घेणं झालं.

दुसरं, तुमच्यासारख्या ठिकाणी तर याची गरज जास्त. कोणता पेशंट आज रात्रीच मोठ्या गावी हलवायचा, हे कशावरून ठरवता? न्यूमोनिया किती गंभीर ते सांगणाऱ्या कर्ब-६५ या स्कोअरमध्ये ग्लानी, श्वासाचा वेग, बीपी, वय आणि रक्तातला युरिया एवढंच आहे. २००३ पासून जगभर वापरात आहे. त्यातला युरिया हा रक्ताचाच रिपोर्ट ना? कोविडमध्येही ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत ऑक्सिजन कमी आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) ७५ च्या वर असे पेशंट निवडूनच टोसिलिझुमॅब हे दाह दाबणारं औषध दिलं. मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ वर आले.

सूक्ष्मदर्शी

पॅथॉलॉजीवाला म्हणून थोडं. आकड्यावर इतका विश्वास टाकण्याआधी तो आकडा कसा आला ते विचारा. लॅक्टेटचा नमुना साध्या ट्यूबमध्ये घेऊन वॉर्डच्या टेबलावर तासभर पडून राहिला, तर ट्यूबमधल्या पेशी साखर जाळत राहतात आणि लॅक्टेट आपोआप चढतं. पेशंटमध्ये काहीच बदललेलं नसतं. त्यासाठी फ्लोराइडची करड्या बुचाची ट्यूब लागते किंवा नमुना बर्फात ठेवून लगेच पळवावा लागतो. रात्री दोन वाजता किती ठिकाणी हे होतं?

अ‍ॅड्रेनलिनच्या ड्रिपनेही लॅक्टेट वाढतं. किडनी बंद पडली की पीसीटी संसर्गाशिवायही चढलेलं राहतं. टोसिलिझुमॅब दिलं की सीआरपी खाली येतं, मग पेशंट बिघडत असला तरी. हल्ली सीबीसीवरून काढलेला एनएलआर, म्हणजे न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट (दोन्ही पांढऱ्या पेशी), फार चालतो, कारण तो जवळपास फुकट मिळतो. पण स्टेरॉइड सुरू केलं की न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट उतरतात आणि गुणोत्तर भराभर चढतं. गंभीर न्यूमोनियात हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड देण्याचं प्रमाण फ्रान्समधल्या २०२३ च्या केप कॉड चाचणीनंतर वाढलंय. त्या पेशंटचा एनएलआर पाहून घाबरायचं की औषध लागू पडतंय म्हणायचं?

आपल्याकडे क्षयही आहे. क्षयाच्या न्यूमोनियात पीसीटी बऱ्याचदा कमीच येतं. ते पाहून "सौम्य आहे" म्हणणारे मी पाहिलेत.

वैनगंगा

मी डॉक्टर नाही. वडील न्यूमोनियाने आयसीयूत होते, गेले. कुठल्या हॉस्पिटलात ते लिहीत नाही. रोज संध्याकाळी पाच मिनिटं भेट आणि "पुढचे ४८ तास महत्त्वाचे" हे एकच वाक्य. दोन दिवसांनी परत तेच. कुणीतरी समोर बसून "या रिपोर्टमध्ये हे वाढलंय, त्याचा अर्थ असा" म्हणावं, एवढीच इच्छा होती. शेवटी मी रिपोर्टचे फोटो काढून चुलतभावाला पाठवले, तो डॉक्टर आहे. रातपाळी सर, ओळखीच्या डॉक्टरला फोटो जातो असं तुम्ही लिहिलंत. तो का जातो हेही लिहा. तुम्ही बोलत नाही म्हणून जातो.

आकडा चुकीचा असू शकतो हे आम्हाला समजतं. "शंभरातले सोळा" हे तुम्ही इथे लिहिलंत तसं तिथे सांगितलं असतं तर तेही समजलं असतं.

सातासमुद्रापार

वैनगंगाताई, अगदी मनातलं लिहिलंत. मी इंग्लंडमध्ये आयसीयूत नर्स आहे. इथे एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) ४१ आयसीयूंमध्ये अडॅप्ट-सेप्सिस ही चाचणी झाली, २७६० पेशंट, निकाल २०२४ च्या डिसेंबरात आले. रोजच्या पीसीटीवर लक्ष ठेवून अँटिबायोटिकचा काळ साधारण एका दिवसाने कमी झाला. सीआरपीवर लक्ष ठेवून तसा फरक पडला नाही. एवढी मोठी चाचणी आणि हाती आला एक दिवस. मला तो थोडका वाटत नाही, पण रक्ताने भविष्य कळतं म्हणणाऱ्यांनी तो नजरेसमोर ठेवावा.

नातेवाइकांशी बोलताना आमचे डॉक्टर सुरुवात रिपोर्टने करत नाहीत. आजारी पडायच्या आधी माणूस कसा होता, जिना चढत होता का, अंघोळ स्वतः करत होता का, हे आधी विचारतात. त्यावरून दुर्बलतेचा १ ते ९ असा दर्जा ठरतो. ऐंशी वर्षांचा पण रोज बाजारहाट करणारा आणि सत्तरीचा पण वर्षभर अंथरुणाला खिळलेला, दोघांचं लॅक्टेट सारखं असलं तरी वाट वेगळी असते.

रातपाळी

वैनगंगाताई, तुमचं पूर्णपणे मान्य. न बोलणं हा इलाज नव्हे. माझ्या धाग्यातून तसा अर्थ निघू नये. रोज, बसून, रिपोर्टसकट बोलावंच.

पहाटवारा, टोसिलिझुमॅबचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे सीआरपी पाहून औषध दिलं, आशा सोडली नाही. कर्ब-६५ वरून पेशंट हलवायलाही माझी हरकत नाही, त्यातही पेशंटसाठी काहीतरी जास्तीचं केलं जातं. माझा विरोध उपचार काढून घेण्यासाठी आकडा वापरायला आहे. रिपोर्ट वाईट आला, घरच्यांनी सही करून पेशंट नेला, व्हेंटिलेटर सुटला, तो गेला. नोंदीत काय राहतं? "पीसीटी ५०, मृत्यू." पुढच्या वेळी तीच नोंद पुरावा म्हणून समोर येते. अशा नोंदींवरून काढलेल्या भाकितात आजार किती आणि आपण हात सोडला तो भाग किती, हे कसं वेगळं करणार?

पहाटवारा

हा मुद्दा वजनदार आहे आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. आपल्याकडे सही करून नेलेल्या पेशंटचं पुढे काय झालं याची धड नोंदही होत नाही.

तरी एका गोष्टीवर मी ठाम आहे. पहिल्या दिवशी मीही भाकीत करत नाही. पण तीन दिवस पूर्ण उपचार देऊन अवयव एकामागून एक बंद पडत असतील, आणि माणूस आधीपासून सातासमुद्रापार म्हणतात तसा अंथरुणावर असेल, तर मी घरच्यांना "बहुधा वाचणार नाहीत" असं स्पष्ट सांगतो. त्यात रक्ताचे रिपोर्ट धरतो आणि धरत राहणार. शेत गहाण पडण्याआधी सांगतो.