दुभत्या गाई चरायला सोडाव्यात की चारा गव्हाणीत आणून घालावा?

कुरणकाठ

ज्याच्याकडे गोठ्याला लागून चराऊ जमीन आहे, त्याने दुभती जनावरं वर्षभर गोठ्यात ठेवू नयेत असं माझं ठाम मत आहे. गोठ्यात ठेवणं सोयीचं आहे, पण ती सोय आपली आहे, गाईची नाही.

"आम्हीही चारून पाहिलं, कुरण महिन्यात उजाड झालं" असं सांगणारे खूप भेटतात. त्यांनी गाई चारलेल्या नसतात, नुसत्या सोडलेल्या असतात. एकाच मोठ्या तुकड्यात रोज गाई गेल्या की त्या कोवळी फूट हुडकून खातात. खाल्लेलं ठोंब तीन-चार दिवसांत परत फुटतं, आणि ती फूट बुडख्यात साठलेल्या साखरेवर आलेली असते. तीही खाल्ली गेली की साठा संपतो, मुळं आखडतात आणि चांगल्या गवताची जागा तण घेतं. फ्रान्सचे आंद्रे व्हॉयसिन यांनी १९५० च्या दशकात हे नीट मांडलं होतं. दोन चराईंमध्ये गवताला पुरेशी विश्रांती हवी, आणि एका तुकड्यातला मुक्काम इतका छोटा हवा की नव्या फुटीला त्याच मुक्कामात दुसऱ्यांदा तोंड लागू नये.

रायग्रास या थंड हवेतल्या चराऊ गवताचं उदाहरण घ्या. त्याच्या एका फुटव्यावर एका वेळी साधारण तीनच हिरवी पानं टिकतात. चौथं निघालं की पहिलं वाळू लागतं. दोन पानांच्या आधी चारलं तर साठा भरलेला नसतो, तीन पानांनंतर थांबलात तर गवत खाली सडतं. म्हणून फेरी तारखेवर नाही, पानांवर ठरवायची. जोमाच्या दिवसांत ती तीन आठवड्यांत येते, वाढ मंदावली की दुप्पट किंवा त्याहून लांबते. चार-पाच सेंटिमीटर बुडखा राहिला की गाई बाहेर. उष्ण प्रदेशातल्या उंच वाढणाऱ्या गवतांना याहून बराच जास्त बुडखा ठेवावा लागतो.

एवढं सांभाळलं तर गाय स्वतः कापते, स्वतः वाहून नेते आणि शेणही स्वतः शेतात टाकते. विरोधी मत असणाऱ्यांनी कारणांसह लिहावं.

गव्हाण

विरोध आहे, आणि कारण साधं आहे: गाईचं पोट भरत नाही.

सहाशे किलोच्या, चांगलं दूध देणाऱ्या गाईला रोज वीस किलोच्या आसपास कोरडा चारा लागतो, म्हणजे पाणी वगळून. कोवळ्या गवतात कोरडा भाग शेकडा १५ ते १८ असतो, पावसात त्याहून कमी. म्हणजे तिने दिवसाला शंभर किलोच्या वर हिरवं तोडलं पाहिजे, तेही घासाघासाने, चालत चालत. मग रवंथ कधी करायचा आणि बसायचं कधी?

हे नुसतं गणित नाही. कोल्व्हर आणि म्युलर यांनी १९९८ मध्ये जास्त दुधाच्या होल्स्टीन जातीच्या गाईंवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. उत्तम कुरणावरच्या गाईंनी दिवसाला १९ किलो कोरडा चारा खाल्ला आणि २९.६ किलो दूध दिलं. चारा-खुराक एकत्र मिसळून गव्हाणीत दिलेल्या गाईंनी २३.४ किलो खाल्ला आणि ४४.१ किलो दूध दिलं. कुरणावरच्या गाई वाळल्याही जास्त. गवत उत्तम असतानाचं हे चित्र आहे, बाकीच्या दिवसांचं काय ते तुम्हीच ठरवा.

शिवाय शेण "स्वतः शेतात" पडतं हे अर्धंच खरं. ते फाटकाशी, पाण्याच्या टाकीशी आणि सावलीत पडतं. तिथे खताचा मारा होतो आणि मधली जमीन उपाशी राहते. एकाच जागी पडणाऱ्या मुताचा नत्र गवताला पेलवत नाही, तो पाण्याबरोबर खाली जातो. गोठ्यातलं शेण मी हवं तिथे, हवं तेव्हा टाकतो.

पहाटपाळी

मी धारा काढतो, म्हणून माझा मुद्दा वेगळा आहे. तुम्ही दोघंही गवताचं आणि दुधाचं बोलताय. गाईकडे दिवसातून किती वेळा नीट पाहिलं जातं, हे कुणी विचारलं नाही.

कुरणावरची गाय दोनदा माझ्यासमोरून चालत जाते, आणि त्या चालण्यात मला अर्धा रोग कळतो. रोज पुढे असणारी गाय मागे पडली, पाठ कमानीसारखी धरून चालू लागली, तर तिचा खूर त्याच दिवशी उचलून बघायचा. मात्र मागून हाकलणारा माणूस घाईचा असला तर हे सगळं वाया जातं. गाय मान खाली घालून पाऊल कुठे टाकायचं ते बघत चालते. मागून रेटा दिला की डोकं वर जातं, पाय खड्यावर पडतो आणि तळवा दुखावतो. वाट खराब असेल तर कुरण कितीही चांगलं असो, गाई लंगड्याच होणार.

गोठ्यात मी उभा राहून पाहतो. आराम करत बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करत असल्या पाहिजेत. नसतील तर कुट्टी फार बारीक झालीय किंवा खुराक जास्त पडतोय. हे दावणीत पटकन दिसतं, रानात दिसत नाही.

धारेचं काम मात्र दोन्हीकडे तेच, आणि तिथे सगळ्यात जास्त टाळाटाळ होते. पहिल्या धारा गडद बुडाच्या भांड्यात काढून गुठळ्या पाहायच्या, सड पुसून कोरडे करायचे, प्रत्येक गाईला वेगळं फडकं, आणि धार संपताच सड औषधात बुडवायचे. धारेनंतर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं. तेवढा वेळ गाय उभी राहावी म्हणून समोर ताजा चारा हवा. हे पाळलं नाही तर दगडी, म्हणजे कासेचा दाह, कुरणातही होते आणि सिमेंटवरही.

कुरणकाठ

गव्हाण, आकडे बरोबर आहेत, पण एका गाईचं दूध हा एकच मापदंड का धरायचा? त्या १५ किलो जादा दुधामागे पेरणी, कापणी, वाहतूक, मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) आणि पेंड आहे. न्यूझीलंडची दूधव्यवस्था अनेक दशकं दर गाईच्या नाही, दर हेक्टरी दुधाच्या हिशोबावर उभी राहिली. तिथे बहुतेक कळप वसंताच्या तोंडावर एकदम वितात, म्हणजे गवताचा भर आणि दुधाचा भर एकत्र येतात. गवत कमी पडेल तेव्हा धारेच्या वेळी खुराक द्यायला मी कधी नाही म्हटलं?

आता गाईला काय हवं ते पाहा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाईंना जड केलेलं फाटक ढकलायला लावलं. कुरणात जाण्यासाठी त्यांनी जवळपास तेवढाच जोर लावला, जेवढा ताज्या चाऱ्यासाठी लावला. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी त्याच विद्यापीठात लंगडणाऱ्या गाई चार आठवडे कुरणात ठेवल्या, तर त्यांची चाल गोठ्यातल्या गाईंपेक्षा सुधारली. स्वीडनने उन्हाळ्यात दुभत्या गाई चरायला नेणं १९८८ मध्ये कायद्यात घातलं ते उगाच नाही.

शेणाचं म्हणाल तर पाण्याची टाकी हलती ठेवा. प्रत्येक तुकड्यात पाणी असलं की गाई एका जागी गोळा होत नाहीत.

गव्हाण

सगळ्या गाई एकदम वितात म्हणता, तर ते गणितही मांडतो. गाय दरवर्षी त्याच सुमारास विली पाहिजे. गाभणकाळ साधारण २८२ दिवसांचा. ३६५ मधून तो काढला की ८३ दिवस उरतात. त्यातले पहिले पन्नास-एक दिवस गर्भाशय सावरण्यात जातात. उरलेल्या दोनेक माजांत गाभण राहिली तर ठीक, नाहीतर चांगली गाय केवळ वेळापत्रकात बसत नाही म्हणून कळपातून जाते. यात गाईचं भलं कुठे आहे?

फाटकाचा प्रयोग मला माहीत आहे. त्याच विद्यापीठाचं २००९ चं कामही सांगा ना. गाईंना आत-बाहेर करायची मोकळीक दिली, तेव्हा त्या रात्री बाहेर राहिल्या आणि दिवसा ऊन चढलं की आपणहून गोठ्यात आल्या. म्हणजे भर उन्हात उघड्या रानात उभं राहायला त्यांनाही नको असतं. जास्त दुधाची गाय आपल्या शरीरातच खूप उष्णता तयार करते. तापमान आणि आर्द्रतेचा मिळून काढलेला निर्देशांक ७० च्या आसपास गेला की तिचं खाणं घटू लागतं. माझ्या गोठ्यात पंखे आहेत, पाण्याचे फवारे आहेत. कुरणात तुम्ही काय देणार, एक झाड?

आणि ओली जमीन. एका पावसात शेकडो खूर चिखल तुडवतात, माती दबते, आणि ती जागा पुढचा हंगामभर कमी गवत देते.

फिरता पशुवैद्य

माझं झुकतं माप कुरणाकडे आहे हे आधीच सांगतो. पण कुरणवाले जे बोलत नाहीत ते बोलणं गरजेचं आहे.

गाय बाहेर गेली की खूर, सांधे आणि कास यांचा त्रास बहुधा कमी होतो. त्याच वेळी जंत, यकृतातला चपटा कृमी, गोचीड आणि गोचिडांमुळे होणारे रक्तातले रोग दारात येतात. सगळ्यात मोठा धोका पहिल्यांदाच चरायला जाणाऱ्या कालवडींना असतो, कारण त्यांच्यात जंतांविरुद्धची ताकद अजून तयार झालेली नसते. त्यांना मोठ्या गाईंच्या मागे उरलंसुरलं गवत खायला सोडणं ही जुनी सवय मोडली पाहिजे. जंतांच्या अळ्या बुडख्याजवळच जास्त असतात. आणि सगळ्या कळपाला ठरावीक तारखेला जंताचं औषध पाजण्याऐवजी शेणाची तपासणी करून गरज असलेल्यांनाच द्या. सरसकट औषधाने फक्त औषधाला दाद न देणारे जंत मागे उरतात.

पोटफुगी दुसरी. क्लोव्हर किंवा लसूणघास असा द्विदल चारा जास्त असलेल्या तुकड्यात भुकेली गाय दवात सोडली तर पोटात फेस धरतो आणि ती तासाभरातही मरू शकते. आधी वाळला चारा पोटभर द्या, मग सोडा. फेसाची फुगी नुसती नळी घालून उतरत नाही, फेस मोडणारं तेल किंवा औषध हाताशी लागतं.

मुरघास

मला मधला मार्ग सोपा वाटतो. दुभत्या गाई गोठ्यात ठेवा, आटवलेल्या, म्हणजे विण्याआधी धार बंद केलेल्या, गाई आणि कालवडी कुरणात. आटलेल्या गाईला खुराकही कमी लागतो, गवतावर निभतं.

फिरता पशुवैद्य

मुरघास, कालवडींचं जंतांचं नियोजन करणार असाल तर हरकत नाही. आटलेल्या गाईंचं तुम्ही म्हणता तसं सरसकट करू नका.

आटवल्यापासून विण्यापर्यंत साधारण आठ आठवडे असतात. पहिले पाच आठवडे कुरण चालेल. शेवटचे तीन आठवडे भरपूर खत घातलेल्या कोवळ्या गवतावर ठेवलीत तर दुग्धज्वराला, म्हणजे विताना रक्तातलं कॅल्शियम घसरण्याला, आमंत्रण आहे. अशा गवतात पोटॅशियम भरपूर असतं. त्याने रक्त अल्कधर्मी बाजूला झुकतं, आणि मग हाडांतून कॅल्शियम बाहेर काढा हा पॅराथायरॉइड ग्रंथीचा संदेश शरीर नीट ऐकत नाही. विल्यावर चिकात एकदम कॅल्शियम जातं आणि गाय आडवी होते. हेच पोटॅशियम मॅग्नेशियमही शोषू देत नाही, ते आणखी वाईट.

शेण टाकून टाकून गोठ्याजवळचा जो तुकडा सगळ्यात हिरवागार झालेला असतो, तोच विण्याच्या गाईंना "जवळ असावा" म्हणून दिला जातो. पोटॅशियम तिथेच सगळ्यात जास्त असतं. विणाऱ्या गाईला वाळला चारा, मोजका खुराक आणि मॅग्नेशियम द्या, गवत दाखवूही नका.

पहाटपाळी

डॉक्टर, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. विण्याच्या गाई जवळच्या तुकड्यात ठेवायची पद्धत सगळीकडे दिसते, कारण रात्री उठून बघायला सोपं जातं. कोरड्या अंथरुणाचा, मोकळा कप्पा गोठ्याच्या कडेला केला तर तेही साधतं.

कुरणकाठ

विण्याच्या गाईंबद्दल डॉक्टरांचं म्हणणं मान्य. आटत्या गाईंचा कळप मी दुभत्यांपासून वेगळाच धरतो.

पण गव्हाण, तुम्ही दिलेलं २००९ चं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. गाई रात्री आपणहून बाहेर राहतात ना? मग संध्याकाळच्या धारेनंतर फाटक उघडा, पहाटेच्या धारेला आत घ्या, दिवसा पंख्याखाली गव्हाणीत चारा द्या. दुपारपर्यंत गवतातली साखर वाढलेली असते, त्यामुळे संध्याकाळची चराई पोटालाही जास्त पडते. अमेरिकेत सेंद्रिय दुधासाठी २०१० मध्ये आलेला नियमही वर्षातून किमान १२० दिवस चराई आणि त्या काळात सरासरी ३० टक्के कोरडा चारा कुरणातून, एवढंच मागतो. चोवीस तास रानात ठेवा असं कुणीच म्हणत नाही. पाऊस पडून जमीन मऊ झाली असेल त्या रात्री फाटक बंद ठेवा.

गव्हाण

विल्यानंतर शंभर दिवस उलटलेल्या आणि गाभण ठरलेल्या गाईंसाठी रात्रीची चराई मी मान्य करेन. त्यांचं दूध उतरतीला लागलेलं असतं, खाणं शरीराला पुरून उरतं. रानात त्यांनी दोन लिटर कमी दिलं तर खुरांच्या बदल्यात मी ते सोडेन.

ताज्या विलेल्या गाईला मात्र नाही. पहिले दोन महिने ती दुधासाठी अंगावरची चरबी जाळत असते. त्या काळात तिने आज किती खाल्लं हे मला गव्हाणीत उरलेल्या चाऱ्यावरून कळतं, आणि उरलेलं वाढलं की दूध घटायच्या आधीच मी तिच्याकडे जातो. कुरणात तिने किती खाल्लं हे तुम्ही मला कसं सांगणार, ते लिहा.

कुरणकाठ

कळपाचं मापून सांगेन: शिरताना आणि निघताना गवताची उंची, त्यावरून हेक्टरी कोरडा चारा, भागिले गाई. एकेका गाईचं सांगता येत नाही, ते खरं आहे. तिथे मी डाव्या कुशीची पोकळी बघतो. बरगडीच्या मागे हात बसेल एवढी खोल दिसली तर ती त्या दिवशी जेवलेली नाही, आणि ती गाय मी धारेनंतर मागे ठेवतो.

गव्हाण

पोकळी मीही बघतो. पण ती खोल दिसते तोवर एक दिवस गेलेला असतो, आणि ताज्या विलेल्या गाईचा तो दिवस मला महाग पडतो. माझ्या त्या गाई आतच राहतील.