'वीस एक' की 'एकवीस'? दुसरीच्या मुलांना दशक-एकक शिकवताना काय म्हणावं?

गणितप्रेमी: 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं आणि विधानसभेपर्यंत गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: आपल्या संख्यानामांत जोडाक्षरं फार, आणि बोलण्याचा क्रम लिहिण्याच्या उलटा. मला ते आजही पटतं. 'त्रेसष्ट' ऐकलं की काही मुलं आधी 3 लिहितात, मग डावीकडे सरकून 6. वहीत उत्तर बरोबर दिसतं. तेच मूल मोबाइलवर टाइप करायला लागलं की 36 उमटतं! 'साठ तीन' म्हटलं तर कानाला आणि हाताला एकच क्रम मिळतो.

दुसरीची आई: अजिबात पटत नाही. भाजीवाल्या मावशी 'पंचेचाळीस रुपये' म्हणणार, आजीही तेच म्हणणार. मग वर्गातली भाषा वेगळी कशाला? जर्मन मुलंही एकक आधी बोलतात, त्यांचं गणित कुठे अडलंय? दोष शब्दांचा नाही. मुलांच्या हातात काही न देता नुसत्या चौकटी भरून घेतल्या जातात, तिथे खरी गडबड आहे.

गणितप्रेमी: ताई, एकवीस कुणी काढून टाकला नव्हता, पुस्तकात दोन्ही वाचनं होती. तेलुगूत 'इरवै ओकटि' म्हणजे सरळ वीस एक, तिथल्या मुलांना हा उलटा फेरा घ्यावा लागत नाही. आणि 'एकोणसाठ'चं काय? त्यात ना पाच ऐकू येतो ना नऊ. मूल 'साठ' पकडतं आणि 69 लिहून मोकळं होतं.

झेडपीची बाई: मी वर्गात रोज पाहते ते सांगते. 34 काड्या मोजून घ्यायच्या, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधायचे, चार सुट्ट्या ठेवायच्या. मग 34 लिहून, 3 वर बोट ठेवून विचारायचं, "हे किती काड्या?" निम्मी मुलं तीन सुट्ट्या काड्या उचलून देतात. इतकं सगळं करूनही! त्यांना 'चौतीस' म्हणा नाहीतर 'तीस चार', तो 3 म्हणजे तीस हे अजून उमगलेलं नसतं. पुढे 34 मधून 8 काढायला सांगितल्यावर स्वतःच्या हाताने गठ्ठा सोडावा लागतो, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडतो. गठ्ठे बांधायचे दिवस असतात तेवढेच मी 'तीन दशक चार, तीस चार, चौतीस' असं तिन्ही म्हणून घेते. नुसतं 'तीस चार' पाठ करून घेण्याच्या मी विरोधात आहे.

दुसरीची आई: बाई, गठ्ठ्यांचं शंभर टक्के मान्य. पण जे मूल आधीच मागे आहे, त्याच्यावर एकाच संख्येची तीन नावं का लादायची? एकोणीस ते एकोणनव्वद ही आठ नावं खरंच आडवळणाची आहेत. तेवढ्यापुरतं 'पन्नास नऊ' म्हणू द्या. त्रेसष्ट मात्र त्रेसष्टच.

गणितप्रेमी: एकोणसाठला मुभा आणि त्रेसष्टला नाही, हे सात वर्षांच्या पोराला कसं समजावणार? मुभा द्यायची तर पूर्ण दशकाला द्या.