ला रिझर्व्ह, सेत्ते, रासा: मटणाबरोबर कोणती उघडावी?

टिळकवाडी: ग्रोव्हरची ला रिझर्व्ह, फ्रातेल्लीची सेत्ते आणि सुलाची रासा शिराझ, अशा रेड वाइनच्या तीन बाटल्या घरात आहेत. रविवारी मटण सुक्कं आणि तांबडा रस्सा दोन्ही होणार. कुठली कशाबरोबर? खोलीत ३२ अंश गरम असतंय. शिवाय अथणीकडं काळी द्राक्षं मिळतात, त्यांची अशी वाइन का होत नाही, तेही सांगा की.

घटप्रभाकाठ: सुक्क्याबरोबर ला रिझर्व्ह. ती कॅबर्ने सोव्हिन्यों आणि शिराझ या द्राक्षांची. कॅबर्नेच्या सालीतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, हिरड्या कोरड्या करतं. मटणाची प्रथिनं ते धरून ठेवतात, म्हणून घोट मऊ लागतो. झणझणीत रश्श्याबरोबर मात्र तिन्हींपैकी एकही नको. अल्कोहोलनं तिखटाचा जाळ वाढतो आणि तुरटपणा कडू होतो. रस्सा बेताचा तिखट असेल तर सेत्ते चालेल, तिच्या सांजोव्हेजे द्राक्षाला आंबटपणा चांगला असतो.

३२ अंशांवर रेड ओतली तर नुसता अल्कोहोलचा वास येतो. १६ ते १८ अंश हवेत. बादलीत निम्मं बर्फ, निम्मं पाणी घालून बाटली १० ते १२ मिनिटं बुडवा. नुसता बर्फ घालू नका, काचेला नीट चिकटत नाही. फ्रीजमध्ये याच कामाला तास-दीड तास जातो. बूच काढून बाटली तशीच ठेवल्यानं हवा लागत नाही, मान अरुंद असते. रुंद भांड्यात ओतून अर्धा तास ठेवा.

बागायतदार_कृष्णाकाठ: अण्णा, अथणी-तिकोट्याकडची बहुतेक बाग बेदाण्याची किंवा खायच्या द्राक्षांची. खायच्या द्राक्षाला जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) देऊन मणी फुगवतात. रंग आणि टॅनिन सालीत, रस बहुतेक पांढराच. मणी मोठा झाला की रसाच्या मानानं साल कमी पडते. वाइनचा मणी बारीक, जाड सालीचा, बियांचा. शिवाय खायची द्राक्षं १७-१८ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) उतरवतात. ब्रिक्सला ०.५५ नं गुणलं की अंदाजे अल्कोहोल निघतं: १८ ला १० टक्क्यांच्या आत, २४ ला १३. कमी साखरेची, फिकट वाइन इथल्या उष्म्यात टिकत नाही.

मांडवी_वाचक: तिन्हींची घराणी वेगळी आहेत. ग्रोव्हर १९८८ ची, नंदी हिल्सच्या पायथ्याची. तिला फ्रान्सच्या बोर्दोचे वाइनतज्ज्ञ मिशेल रोलाँ यांचा सल्ला मिळालेला, आणि कॅबर्नेही बोर्दोचंच. फ्रातेल्ली अकलूजची. सेत्ते म्हणजे इटालियनमध्ये सात: भावांच्या तीन जोड्या आणि इटलीतल्या टस्कनीचे वाइनमेकर पिएरो मासी. सांजोव्हेजे तिथलंच, तिथल्या कियांती क्लासिको या रेड वाइनमध्ये ते किमान ८० टक्के लागतं. सुला नाशिकची, आणि रासा ओक लाकडाच्या पिंपात मुरलेली शिराझ. तिला जेवणापेक्षा नंतरचा निवांत वेळ बरा.

लेबलावरच्या रिझर्व्ह शब्दानं फसू नका. स्पेनच्या रिओहात रेड रेझेर्वा म्हणजे किमान ३ वर्षं मुरवण, त्यातलं १ तरी ओकमध्ये. आपल्याकडं त्या शब्दावरून मुरवणीचा काळ समजत नाही.

टिळकवाडी: उरलेली किती दिवस टिकते?

घटप्रभाकाठ: बूच लावून फ्रीजमध्ये ३ ते ४ दिवस, बाहेर एकच. उरलेली ताबडतोब छोट्या बाटलीत काठोकाठ भरली तर जास्त. आत हवा राहिली की जिवाणू अल्कोहोलचं व्हिनेगर करतात. न उघडलेल्या, बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवा. फिरकीचं झाकण असेल तर उभी चालते. गॅसजवळच्या कपाटात मात्र कुठलीच नको.