मल्टिपल स्क्लेरोसिस : हल्ला करणाऱ्या यंत्रणेकडूनच दुरुस्ती शक्य आहे का?

ऋतुगंध (प्रश्न)
माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस असून रोगप्रतिकारक यंत्रणेला आवर घालणारी औषधे सुरू आहेत. याच यंत्रणेतील पेशी मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंभोवतीचे मायलिनचे आवरण नष्ट करतात, असे आम्हाला सांगण्यात आले होते. आता रोगप्रतिकारक पेशींच्या मदतीनेच ते आवरण पुन्हा तयार करण्याचे संशोधन वाचनात आले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? आणि सध्याच्या औषधांमुळे दुरुस्तीही अडत असेल का?

अनुस्वार
रोगप्रतिकारक पेशी एकाच प्रकारच्या नसतात, त्यामुळे दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नियामक टी पेशींचे मुख्य काम इतर पेशींचा अतिरेक रोखणे हे असून, त्यांच्याशी निगडित संशोधनासाठीच २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळाले. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील डेनिस फिट्झगेराल्ड यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले, की या पेशी नसलेल्या उंदरांमध्ये मायलिन नीट भरून येत नाही. मायलिन तयार करणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी ज्या पूर्वपेशींपासून घडतात, त्यांना परिपक्व होण्यासाठी नियामक टी पेशींकडून प्रोत्साहन मिळते. आणि प्रयोगशाळेत हा परिणाम दाह नसतानाही दिसला, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यामागे सीसीएन३ हे प्रथिन असावे असे तेव्हा वाटले होते. परंतु हे प्रथिन नसलेल्या उंदरांमध्येही मायलिनची दुरुस्ती होते, असे याच गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे परिणाम खरा, पण त्याची नेमकी यंत्रणा अजून उलगडायची आहे.

औषधांविषयी बोलायचे तर ऑक्रेलिझुमॅबसारखी औषधे प्रामुख्याने बी पेशी या वेगळ्या प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींना लक्ष्य करतात. त्यांचा हेतू नवे नुकसान टाळणे हा आहे आणि दुरुस्तीच्या आशेने ती थांबवणे धोक्याचे ठरेल. बहिणीचे औषध कोणते हे आपण लिहिलेले नाही, त्यामुळे हा प्रश्न तिच्या न्यूरॉलॉजिस्टनाच विचारावा.

काठावरून
यात सफाईचा मुद्दा जोडतो. मोडलेल्या मायलिनचे अवशेष जागेवर राहिले तर पूर्वपेशींची वाढ खुंटते. ते गिळून टाकण्याचे काम मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक यंत्रणेतील भक्षक पेशी करतात. वयानुसार ही क्षमता घटते. तरुण आणि वृद्ध उंदरांचा रक्तप्रवाह जोडल्यावर वृद्ध उंदरांमधील मायलिनची दुरुस्ती सुधारली, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले, आणि त्यात तरुण उंदरांकडून आलेल्या मॅक्रोफेजचा वाटा होता. अर्थात, आवरणाखालचा तंतूच तुटला असेल तर नवे मायलिन चढणार कशावर? तंतू पुन्हा वाढवण्याची समस्या वेगळी आणि बरीच अवघड आहे.

ऋतुगंध
दोघांचेही आभार. मूळपेशी प्रत्यारोपण म्हणतात ते हेच का?

अनुस्वार
नाही. त्यात केमोथेरपीने रोगप्रतिकारक यंत्रणा जवळजवळ पुसून रुग्णाच्याच रक्तजनक मूळपेशींपासून ती नव्याने उभारतात. निवडक रुग्णांमध्ये त्यामुळे हल्ले थांबतात. पण गेलेले मायलिन परत आणण्याचा तो उपचार नव्हे. नियामक टी पेशींनी मायलिन भरून काढण्याची उपचारपद्धती अद्याप मान्यताप्राप्त नाही, त्यामुळे कोणी पैसे घेऊन ती देऊ करत असल्यास आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय होकार देऊ नये.